बॅकअप टॉर्च (स्कूबा डायव्हिंग)

मुख्य टॉर्च पाण्याखाली बंद पडली तर वर परतेपर्यंत उजेड मिळावा म्हणून डायव्हर अंगावर जी दुसरी टॉर्च बाळगतो, ती बॅकअप टॉर्च. मराठीत टॉर्चला विजेरी हा नेमका शब्द आहे आणि गावाकडे तिला बॅटरीच म्हणतात. डायव्हिंगच्या बोटीवर मात्र सगळ्यांच्या तोंडी ‘टॉर्च’च असते, म्हणून या नोंदीत तोच शब्द ठेवला आहे, आतल्या बॅटरीला ‘सेल’ म्हटले आहे. रात्रीच्या डाइव्हला प्रत्येकाजवळ एक मुख्य आणि एक बॅकअप, तर पाण्याने भरलेल्या गुहेत एक मुख्य आणि दोन बॅकअप, असा प्रघात आहे. बॅकअप टॉर्च बहुतेक डाइव्हमध्ये जागची हलतही नाही. नेमके त्यामुळेच तिची निवड अवघड होते: महिनोन्महिने नुसती सोबत फिरलेली वस्तू ऐन वेळी पहिल्या फटक्यात पेटली पाहिजे. प्रखरपणाचा विचार त्यानंतर.

गुहांमधून आलेला नियम

तीन टॉर्चचा नियम अमेरिकेतल्या उत्तर फ्लोरिडाच्या चुनखडीच्या गुहांमध्ये तयार झाला. तिथले झरे वरून नितळ, निळे आणि निरुपद्रवी दिसतात. आत थोडे शिरले की दिवसाचा उजेड संपतो. या गुहांमध्ये अनेक डायव्हर दगावल्यावर शेक एक्स्ली या अनुभवी केव्ह डायव्हरने अपघातांची छाननी केली आणि १९७९ साली एक छोटी पुस्तिका लिहिली. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत परतीची वाट दाखवणारी अखंड दोरी नसणे, परतीसाठी दोन तृतीयांश हवा राखून न ठेवणे आणि झेपणार नाही इतके खोल जाणे, ही मृत्यूंची कारणे त्याने मांडली. पुढे या यादीत प्रशिक्षणाचा अभाव आणि अपुऱ्या टॉर्च यांची भर पडली. केव्ह डायव्हिंगच्या शिक्षणात आजही हे पाच मुद्दे पाठ करून घेतात.

याच भागातल्या जिनी स्प्रिंग्ज इथली एक रीत सांगण्यासारखी आहे. तिथल्या डेव्हिल्स नावाच्या झऱ्यांमध्ये गुहेचे प्रशिक्षण नसलेल्या डायव्हरला टॉर्च घेऊन उतरूच देत नाहीत. हातात उजेड असला की माणूस ‘अजून थोडे पुढे’ जातो. टॉर्च नसली की अंधाराच्या कडेवरून आपोआप मागे फिरतो. उजेड जवळ असणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या साध्या उपायाने पटवणारा दुसरा नियम माझ्या माहितीत नाही.

दोन बॅकअप कशाला, याचे उत्तर हिशेबात आहे. समजा, एखादी टॉर्च शंभरातून एकदा दगा देते. तिन्ही टॉर्चचा एकमेकींशी काही संबंध नसेल, तर तिन्ही एकाच डाइव्हमध्ये बंद पडण्याची शक्यता दहा लाखांत एक इतकी उतरते. पण ‘संबंध नसेल तर’ ही अट फार मोलाची आहे. तिन्हींमध्ये एकाच पाकिटातले जुने सेल असतील, तिन्हींच्या ओ-रिंग (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) वर्षभर पाहिल्याच नसतील, तर एकीला जे होईल तेच दुसरीलाही होईल आणि दहा लाखांचा हिशेब कोसळेल. म्हणून टॉर्च एकाच प्रकारच्या घेतल्या तरी चालतात, उलट अंधारात हाताला एकच सवय राहते. सेल मात्र वेगवेगळ्या पाकिटांतले असावेत.

उजेडाचे माप

दुकानात ल्युमेनचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि गिऱ्हाईक तिथेच फसते. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या बाजूंना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो त्याचे माप. तो प्रकाश एका ठिकाणी किती एकवटला आहे हे कँडेला सांगतो. तेवढेच ल्युमेन १०० अंशांच्या रुंद झोतात पसरण्याऐवजी १० अंशांच्या अरुंद झोतात कोंडले, तर झोताची तीव्रता सुमारे ९० पट होते. व्हिडिओसाठी केलेली दोन हजार ल्युमेनची पसरट टॉर्च जोडीदाराला खुणावण्यासाठी म्हणूनच कुचकामी ठरते आणि पाचशे ल्युमेनची टोकदार झोताची टॉर्च त्याच्या नजरेत लगेच भरते. पाण्याखालचे संभाषण बरेचसे या झोतावरच चालते: तळावर सावकाश गोल काढला की ‘ठीक आहे’, झोत जोरात आडवा हलवला की ‘संकट’.

गढूळ पाण्यात अरुंद झोताचे महत्त्व आणखी वाढते. पावसाळ्यात आंबोली घाटात धुके उतरल्यावर गाडीचा अप्पर लावून पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको; समोर पांढरी भिंत उभी राहते आणि डिप्परवर आले की रस्ता दिसू लागतो. पाण्यातले कण रुंद झोताचे तेच करतात. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यालगत पाणी पुष्कळदा असेच धूसर असते. तिथे खडकाच्या कपारीत शेवंड किंवा गोबरा पाहायचा तर सहा ते दहा अंशांचा झोत उपयोगी पडतो. टॉर्च दिवसाही लागते ती आणखी एका कारणाने. पाणी लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरांतच शोषून घेते. खोलवर बोट कापले तर रक्त हिरवट-काळे दिसते, आणि टॉर्च जवळ धरली की पुन्हा लाल.

बॅकअपसाठी ३०० ते १००० ल्युमेन आणि अरुंद झोत पुरेसा होतो, असे माझे मत. ल्युमेन दुप्पट झाले म्हणून डोळ्याला उजेड दुप्पट वाटत नाही. सेल मात्र निम्म्या वेळात संपतो. ‘चार तास चालते’ या दाव्याकडेही नीट पाहावे. टॉर्च मोजण्याच्या अमेरिकी एफएल-१ मानकात सुरुवातीचा उजेड १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ ‘चालण्याचा वेळ’ म्हणून धरतात. त्यातला बराचसा वेळ मिणमिणताही असू शकतो. बॅकअप टॉर्चने किमान ठरलेल्या पूर्ण डाइव्हइतका वेळ कामाचा उजेड द्यायला हवा.

आजची मुठीएवढी बॅकअप टॉर्च काही दशकांपूर्वीच्या मुख्य टॉर्चला सहज मागे टाकते, याचे श्रेय एलईडीला. निळ्या एलईडीवर पिवळसर प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. हा निळा एलईडी घडवणारे इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. जुन्या बल्बची तार हिसक्याने तुटायची. एलईडीत तुटायला तारच नाही.

सेल

पेन्सिल सेलवर चालणारी टॉर्च कमी प्रखर असली तरी तिचे सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात आणि उजेड हळूहळू उतरत जात असल्याने आधी सूचना मिळते. तोटा असा, की अल्कलाइन सेल विसरून राहिले तर पाझरतात आणि आतली स्प्रिंग खातात. १८६५० या नावाचा लिथियम-आयन सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब आणि पुन्हा चार्ज होणारा. त्याचा उजेड शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राहतो आणि मग अनेक टॉर्चमध्ये एकदम जातो. मुख्य टॉर्चला तो उत्तम. बॅकअपमध्ये तो वापरायचा तर प्रत्येक सहलीआधी चार्ज तपासण्याची शिस्त हवी. सीआर१२३ए हे एकदाच वापरायचे लिथियम सेल पडून राहिले तरी वर्षानुवर्षे जवळजवळ भरलेले राहतात. बॅकअपच्या स्वभावाला हेच सर्वांत जुळतात; फक्त लहान गावात मिळतीलच असे नाही, म्हणून सोबत जोडी ठेवावी.

१४५०० नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो, पण दीड व्होल्टऐवजी ३.७ व्होल्ट देतो. तो चुकून साध्या टॉर्चमध्ये घातला तर आतले सर्किट जळू शकते. विमानाने अंदमान किंवा लक्षद्वीपला जाताना सुटे लिथियम सेल हातातल्या सामानातच न्यावे लागतात. त्यांची टोके चिकटपट्टीने झाकावीत.

पाणी आत शिरते कुठून

३० मीटर खोलीवर बाहेरचे पाणी आतल्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३ किलो जास्त जोराने दाबते. त्याला अडवते ती ओ-रिंग, रबराची एक बारीक कडी. तिच्यावर आडवा पडलेला एक केस किंवा वाळूचा एक कण पुरतो. ओ-रिंग काढताना सुई किंवा टाचणी लावू नये. दोन बोटांच्या चिमटीत धरून एका बाजूला फुगवटा आणावा आणि तिथून उचलावी. मग ती डोळे मिटून चिमटीतून हळू फिरवावी. नजरेला न दिसणारी खाच बोटाला लागते. ग्रीस इतकेच लावावे, की कडी नुसती चकचकली पाहिजे. थापले तर तेच वाळू धरून ठेवते. घरातले व्हॅसलिन काही रबरांना फुगवते, त्यामुळे निर्मात्याने सांगितलेलेच ग्रीस वापरावे. दोन ओ-रिंग असलेली टॉर्च घ्यावी. ‘आयपीएक्स८’ या पाणी न शिरण्याच्या दर्जाच्या एवढ्याच शिक्क्यावर विसंबू नये. तो शिक्का एक मीटरपेक्षा जास्त खोलीसाठी असला, तरी ती खोली किती हे निर्माता ठरवतो. म्हणून मीटरमध्ये लिहिलेला आकडा पाहावा.

खटक्याचे दोन मुख्य प्रकार. डोके पिळून चालू होणाऱ्या टॉर्चमध्ये बिघडण्यासारखे काहीच नसते आणि गुहेतले डायव्हर म्हणूनच तिला पसंती देतात. एक खोड लक्षात ठेवावी: डोके जेमतेमच सैल केले असेल, तर खोलीवर पाण्याच्या दाबानेच ते आत ढकलले जाऊन टॉर्च आपोआप पेटते. फार सैल केले तर ओ-रिंग जागा सोडते. चुंबकी खटक्याला टॉर्चच्या भिंतीत भोक पाडावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण मीठ आणि वाळूने तो अडकतो आणि जवळच्या होकायंत्राची सुई हलवतो.

अंगावर कुठे

फ्लोरिडाच्या पद्धतीत बॅकअप टॉर्च छातीवरच्या कडीला क्लिपने अडकवून खांद्याच्या पट्ट्यालगत खाली सोडतात आणि सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या रबराने आवळतात. ब्रिटिश केव्ह डायव्हर टॉर्च हेल्मेटवर बसवतात, हात मोकळे राहावेत म्हणून. खिसा ही सर्वांत वाईट जागा. मुख्य टॉर्च गेली की आधी दोरी हातात धरायची. मग दुसरा हात छातीवर नेऊन बॅकअप जागेवर अडकलेलीच असताना पेटवायची, आणि पेटल्यावरच क्लिप सोडायची. हातून निसटली तरी पेटलेली टॉर्च तळाशी दिसते. यानंतर जोडीदाराला खूण करून डाइव्ह तिथेच संपवतात. हे सगळे घरी डोळे बांधून, हातमोजे घालून वीस-पंचवीस वेळा करून पाहावे.

वापरानंतर टॉर्च बंद स्थितीतच गोड्या पाण्यात भिजवतात आणि वाळल्यावर उघडतात. आत समुद्राचे पाणी गेले असेल तर सेलमुळे हायड्रोजन साठून दाब वाढलेला असू शकतो. तोंड आपल्यापासून लांब धरून सावकाश आटे सोडावेत. कोकणात पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते. त्या महिन्यांत सेल काढून टॉर्च कोरड्या डब्यात ठेवतात, आणि ऑक्टोबरात नवे सेल घालून पहिल्यांदा बादलीभर पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहतात.