महापालिकेचे नाट्यगृह

महानगरपालिकेने किंवा नगरपालिकेने स्वतःच्या खर्चाने बांधलेले, तिच्याच कर्मचाऱ्यांकडून चालविले जाणारे आणि नाट्यसंस्था, गायक, नर्तक, वाद्यवृंद यांना ठरावीक भाड्याने सत्रवार दिले जाणारे प्रेक्षागृह. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर, ठाण्याचे गडकरी रंगायतन, विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, नाशिकचे महाकवी कालिदास कलामंदिर आणि चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह ही त्याची परिचित उदाहरणे होत. दादरचे शिवाजी मंदिर आणि पुण्याचे भरत नाट्य मंदिर ही तितकीच नावाजलेली नाट्यगृहे खाजगी संस्थांची आहेत, तर प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर राज्य शासनाचे आहे. प्रेक्षकाला हा फरक सहसा जाणवत नाही. निर्मात्याला मात्र भाड्याची पावती हाती पडताच तो कळतो.

शहराचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने कलेला आधार द्यावा, ही अपेक्षा कायद्यात आहे, पण ती सैल शब्दांत. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवावयाचे जे १८ विषय दिले आहेत, त्यांत सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हा एक विषय आहे. पाणीपुरवठा, मैलापाणी, रस्ते ही कामे बंधनकारक असतात. नाट्यगृह बांधणे हे ऐच्छिक कामांत मोडते. त्यामुळे ते कोठे उभे राहिले आणि कोठे राहिले नाही, हे त्या त्या गावच्या लोकप्रतिनिधींच्या हौसेवर आणि रसिकांच्या रेट्यावर अवलंबून राहिले.

या प्रथेच्या आधी संस्थानिकांचा आश्रय होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून पॅलेस थिएटर उभारले; ते १९१५ मध्ये पूर्ण झाले. पुढे त्याला संगीत नट केशवराव भोसले यांचे नाव मिळाले आणि त्याचा कारभार नगरपालिकेकडे व नंतर महापालिकेकडे आला. आश्रयदाता बदलला, इमारत तीच राहिली.

पुण्यात मात्र नागरी संस्थेने मुळापासून नाट्यगृह घडविले. जंगली महाराज रस्त्यावर, मुठा नदीच्या काठी त्याची जागा ठरली. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी भूमिपूजन झाले, तेही खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते. आपल्या नावाच्या वास्तूची पहिली कुदळ नटानेच मारावी, असे क्वचितच घडते. या कल्पनेचा पाठपुरावा करण्यात पु. ल. देशपांडे यांचा मोठा वाटा होता. २६ जून १९६८ रोजी, बालगंधर्वांच्या जन्मदिनी, यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते उद्घाटन झाले. पण १५ जुलै १९६७ रोजीच बालगंधर्वांचे निधन झाले होते. चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी रंगविलेली बालगंधर्वांची भव्य तैलचित्रे येथे आहेत. आवारातील कलादालनात चित्रकार व छायाचित्रकार भाड्याने प्रदर्शने भरवतात, त्यामुळे एकाच वास्तूत दृश्यकलेलाही जागा मिळाली. ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ चे, म्हणजे ठाणे नगरपालिका महानगरपालिका होण्याच्या आधीचे आहे.

या व्यवस्थेत महापालिका कलावंताला पैसे देत नाही. ती त्याला तारीख देते, आणि बाजारभावापेक्षा कमी भाडे घेते. पुरस्कार, महोत्सव, पुतळे यांवरही नागरी संस्था खर्च करतात, परंतु त्याचा लाभ थोड्यांना आणि वर्षातून एखाद्या वेळी होतो. नाट्यगृहाचा आधार रोजचा असतो. एका प्रयोगाच्या खर्चात कलाकारांची नाइट (म्हणजे प्रत्येक प्रयोगामागचे मानधन), पडद्यामागच्या कामगारांची मजुरी, नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची बस, ध्वनी व प्रकाशयंत्रणा, वृत्तपत्रातील जाहिरात आणि नाट्यगृहाचे भाडे ही मुख्य कलमे असतात. यांपैकी भाडे हे एकच कलम शहराच्या हातात आहे. मराठी नाटकाला कमी आणि वाद्यवृंद, व्यावसायिक समारंभ यांना जास्त, असे दर बहुधा ठेवले जातात. दरवाढीचा प्रस्ताव आला की स्थायी समितीपर्यंत निवेदने जातात. रंगभूषाकार, कपडेपटाचे लोक, तिकीटविक्री करणारे, मध्यंतरात बटाटेवडे विकणारा उपाहारगृहचालक अशा अनेकांची मिळकत प्रयोग लागण्यावर अवलंबून असते. कोरोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, मध्ये थोडा काळ निम्म्या क्षमतेने उघडली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाली. त्या काळात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त काळ हाल झाले ते रोजावर काम करणाऱ्या या पडद्यामागच्या लोकांचे.

तारीख हीच या व्यवहारातील खरी संपत्ती आहे. पुण्यात दुपारी साडेबारा, सायंकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ या वेळा रूढ आहेत, आणि व्यावसायिक नाटकाला मुख्यतः शनिवार-रविवारच चालतो. चार महिन्यांत असे सुमारे ३५ दिवस येतात. दिवसाला तीन सत्रे धरली तर एका नाट्यगृहाच्या वाट्याला जेमतेम शंभर मोलाची सत्रे उरतात. त्यांवर नाटके, लावणीचे कार्यक्रम, गाण्यांच्या मैफली, शाळांची स्नेहसंमेलने आणि राजकीय पक्षांचे मेळावे असे सर्वच हक्क सांगतात. काही महिन्यांच्या तारखांचे वाटप एकदम होते. मिळालेली तारीख परस्पर दुसऱ्याला देण्याची तक्रार जुनीच आहे, आणि तिच्यावर ऑनलाइन नोंदणी हा उपाय सुचविला जातो. त्याला पुण्यात नाट्यनिर्मात्यांनी विरोध केला, आणि तो समजण्यासारखा आहे. कारण चार व्यग्र नटांच्या तारखा जुळवून दौरा आखणाऱ्याला यंत्रापेक्षा अदलाबदल करून देणारा व्यवस्थापक जास्त उपयोगी पडतो.

या नाट्यगृहांचे मोठे उणेपण असे, की ती इमारती म्हणून चालविली जातात, संस्था म्हणून नव्हे. त्यांना स्वतःची नाटकमंडळी नसते, कोणते प्रयोग व्हावेत हे ठरविणारा कलासंचालक नसतो. व्यवस्थापक असतो, आणि बंद पडलेल्या वातानुकूलन यंत्रणेसाठी त्याला विद्युत विभागाकडे व गळक्या छतासाठी भवन विभागाकडे पत्र लिहावे लागते. गोव्यात हेच काम प्रामुख्याने राज्य शासनाकडे आहे: चार्ल्स कोरिया यांनी रचलेली पणजीची कला अकादमी आणि ठिकठिकाणची रवींद्र भवने यांत प्रशिक्षण, स्पर्धा व प्रेक्षागृह एका छत्राखाली येतात. महाराष्ट्रात राज्य नाट्यस्पर्धा शासन भरवते, पण तिच्या अनेक केंद्रांना रंगमंच मिळतो तो महापालिकेचा.

जुन्या वास्तूंचे काय करायचे, हा अलीकडचा वाद आहे. बालगंधर्व रंगमंदिर पाडून तेथे मोठे संकुल बांधण्याच्या प्रस्तावावर रंगकर्मींतच दोन तट पडले. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. नाट्यगृह मूळ रूपातच पुन्हा उभे राहावे, अशी मागणी तेथील कलावंतांनी केली आणि त्याच जागी पुनर्बांधणी हाती घेण्यात आली.