पाऊस, गर्दी आणि गप्प बसलेली माणसं

15 एप्रिल 2009 हा अमेरिकेत प्राप्तिकराची विवरणपत्रं भरण्याचा शेवटचा दिवस होता. तो मुहूर्त साधून कर आणि सरकारी खर्चाच्या विरोधात ‘टी पार्टी’ या उजव्या चळवळीने देशभर शेकडो ठिकाणी सभा ठेवल्या. काही ठिकाणी नेमका तेव्हाच पाऊस आला आणि तिथे साहजिकच गर्दी रोडावली. पुढे काही अर्थतज्ज्ञांनी या पावसाचाच अभ्यासासाठी उपयोग करून घेतला.

चळवळींच्या अभ्यासात एक जुनी अडचण आहे. मोर्चा निघाला म्हणून समाज बदलला, की समाज आधीच बदलत होता म्हणून मोर्चा निघाला? अर्ध्या देशाला रस्त्यावर उतरवून अर्ध्याला घरी बसवण्याचा प्रयोग कोणी करू शकत नाही. पाऊस मात्र कोणाची मतं विचारून पडत नाही. म्हणून पावसाची शक्यता सारखीच असलेल्या जागा निवडायच्या आणि प्रत्यक्षात भिजलेल्या जागांची कोरड्या राहिलेल्यांशी तुलना करायची. 2010च्या निवडणुकीत कोरड्या जागी उजव्या रिपब्लिकन पक्षाला जास्त मतं पडलेली दिसली. गंमत म्हणजे, सभेला आलेल्या एका जादा माणसामागे वाढलेली मतं एकाहून बरीच जास्त होती. म्हणजे सभेला आलेली माणसं फक्त स्वतःचं मत देऊन थांबली नव्हती. टी पार्टीची मागणी पटो वा न पटो, गर्दीचा परिणाम खरा होता.

हा परिणाम होतो कसा? नेहमीचं उत्तर असं, की आंदोलन लोकांचं मन वळवतं. मला हे उत्तर अपुरं वाटतं. ज्यांचं मन आधीच वळलेलं आहे पण जे गप्प आहेत, त्यांना एकमेकांचा पत्ता लागणं हा चळवळीचा त्याहून मोठा परिणाम असावा.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1978 साली याचं एक साधं गणित मांडलं. त्यांचं उदाहरण दंगलीचं आहे, पण ते संपाला किंवा मोर्चालाही लागू पडतं. चौकात शंभर माणसं आहेत. प्रत्येकाचा एक ‘उंबरठा’ आहे, म्हणजे आधी किती जण पुढे झाले की आपण पुढे व्हायचं याचा आकडा. पहिल्याचा उंबरठा शून्य, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा नव्याण्णव. पहिला उठतो, त्याला पाहून दुसरा, त्या दोघांना पाहून तिसरा, आणि बघता बघता शंभरही जण सामील होतात. आता फक्त एक बदल करा. ज्याचा उंबरठा एक होता त्याच्या जागी दोनवाला माणूस आणा. पहिला उठतो आणि एकटाच उभा राहतो. बाकी नव्याण्णव हलतही नाहीत. दोन्ही गर्दींतल्या माणसांची सरासरी मतं जवळजवळ सारखीच, तरी निकाल दोन टोकांचे! उठाव कधी होईल हे भल्याभल्या जाणकारांना आधी सांगता येत नाही, त्याचं एक कारण हे आहे.

त्यात माणसं खरं मत लपवतात, त्यामुळे शेजाऱ्याचा उंबरठा किती हे कोणालाच ठाऊक नसतं. अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांनी 1989मध्ये पूर्व युरोपातल्या राजवटी एकामागून एक कोसळल्या त्याचा उलगडा याच अंगाने केला. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहरात निकोलस चर्चमध्ये दर सोमवारी प्रार्थनासभा भरत. 1989च्या सप्टेंबरपासून त्या सभांनंतर लोक रस्त्यावर उतरू लागले. वार ठरलेला, जागा ठरलेली, त्यामुळे निरोप पाठवायची गरजच नव्हती. शिवाय मागच्या सोमवारपेक्षा गर्दी वाढली की घटली हे खिडकीतून पाहणाऱ्यालाही कळत होतं. 9 ऑक्टोबरला सुमारे 70 हजार माणसं आली. गोळीबार होईल अशी धास्ती शहरभर होती, पण तो झाला नाही. पुढच्या सोमवारी आकडा लाखाच्या पुढे गेला, त्यानंतर दोन दिवसांत पक्षप्रमुख होनेकर पायउतार झाले आणि 9 नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. एवढी माणसं काही पाच-सहा आठवड्यांत राजवटीच्या विरोधात गेली नसणार. त्यांचा विरोध जुनाच होता, तो फक्त उघड झाला.

हीच गोष्ट मोर्चाशिवायही तपासता येते. सौदी अरेबियात रियाधमधल्या विवाहित पुरुषांवर झालेला एक अभ्यास 2020मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांनी घराबाहेर नोकरी करायला यातल्या बहुतेकांची हरकत नव्हती, पण आजूबाजूच्यांची असेल असा त्यांचा समज होता. इतरांचं खरं मत काय आहे, एवढंच काही जणांना सांगण्यात आलं. नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत बायकोचं नाव नोंदवणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात जवळपास एक तृतीयांश निघालं. ज्यांना हे सांगितलं नव्हतं त्यांच्यात ते एक चतुर्थांशाहूनही थोडं कमी होतं. ना भाषण, ना उपदेश.

मग पहिला येतो कुठून? तो हाडाचा ध्येयवेडा असणार, असं आपण धरून चालतो. समाजशास्त्रज्ञ डग मॅकअ‍ॅडम यांचं संशोधन यात खोडा घालतं. 1964च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला उत्तरेतल्या विद्यार्थ्यांनी अर्ज केले होते. काम जिवावरचं होतं. मोहिमेच्या सुरुवातीलाच तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली. निवड होऊनही सुमारे चौथा हिस्सा गेलाच नाही. मॅकअ‍ॅडम यांना पुढे ते जुने अर्ज मिळाले. ध्येयवादाच्या बाबतीत गेलेले आणि न गेलेले यांत फरक सापडला नाही. पण तुमच्या सहभागाची माहिती कोणाकोणाला कळवायची, अशी नावं त्या अर्जात मागितली होती. जे गेले त्यांच्या यादीत त्याच मोहिमेत निघालेल्या मित्रांची नावं जास्त होती. तत्त्वासाठी जिवावर उदार होण्यापेक्षा दोस्त निघालेत आणि आपण मागे राहिलो हे जास्त टोचतं, असा याचा अर्थ मी घेतो. त्यात कमीपणा काहीच नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध झालेल्या बहिष्काराची गोष्ट सांगताना हाच ओळखीपाळखीचा भाग गळतो. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला सांगितल्यावर कृष्णवर्णीय रोझा पार्क्स दमलेल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, ही आवृत्ती सर्वांच्या तोंडी आहे. पण त्या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या. त्याच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कॉल्विन या 15 वर्षांच्या मुलीला अशाच कारणासाठी अटक झाली होती. शहरातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेने तर 1954मध्येच महापौरांना बहिष्काराची शक्यता पत्राने कळवली होती. म्हणून 1 डिसेंबर 1955ला पार्क्स यांना अटक झाली, त्याच रात्री संघटनेच्या जो अ‍ॅन रॉबिन्सन हजारो पत्रकं छापू शकल्या आणि सोमवारी बसगाड्या रिकाम्या धावल्या. पुढचे 381 दिवस लोक चालत किंवा एकमेकांच्या मोटारींतून कामाला गेले. बस कंपनीचे बहुसंख्य प्रवासी कृष्णवर्णीयच होते, त्यामुळे गल्ल्याला खरा फटका बसला. शेवटी निकाल दिला तो न्यायालयाने.

चळवळ लोकप्रिय असावी लागते असंही नाही. 1961मध्ये काळे आणि गोरे कार्यकर्ते वर्णभेदाला आव्हान द्यायला मिळून आंतरराज्य बसमधून दक्षिणेत गेले, तेव्हा गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत 61 टक्के लोकांनी या प्रकाराबद्दल नापसंती नोंदवली. तरीही त्याच वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून आंतरराज्य बस आणि स्थानकांतल्या वर्णभेदाला बंदी करणारे केंद्रीय नियम लागू झाले.

आता तो गाजलेला साडेतीन टक्क्यांचा आकडा. राज्यशास्त्राच्या अभ्यासक एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी 1900 ते 2006 या काळातल्या, सत्तेविरुद्धच्या 323 मोहिमा तपासल्या. अहिंसक मोहिमांपैकी 53 टक्के यशस्वी झाल्या, सशस्त्रांपैकी 26 टक्के. मोहीम ऐन भरात असताना लोकसंख्येच्या साडेतीन टक्के माणसं प्रत्यक्ष उतरली की सरकार टिकत नाही, हे चेनोवेथ यांनी त्यातूनच काढलेलं निरीक्षण. ते राजवट उलथवण्यापुरतं आहे आणि त्याला अपवादही आहेत. बहारीनमध्ये 2011 साली त्याहून मोठं प्रमाण रस्त्यावर होतं, तरी राजघराणं टिकलं. पण आकडा सुटसुटीत असल्याने तो नियम म्हणून फिरत राहतो.

चेनोवेथ यांचीच नंतरची आकडेवारी कमी सांगितली जाते. 2010नंतरच्या दशकात अहिंसक मोहिमांचं यश 34 टक्क्यांच्याही खाली आलं; सशस्त्र मोहिमांचं तर त्याहून घसरलं. सरकारं हुशार झाली हे एक कारण. पण मोहिमांची सरासरी गर्दीही घटली, आणि संप-बहिष्कारापेक्षा मोर्चांवर भर वाढला. फोनवरून दोन दिवसांत हजारो जण जमवता येतात. त्यांच्यापैकी किती जण एकमेकांना ओळखतात, आणि तिसऱ्या आठवड्यात कोण कोणाला कामावर सोडणार, हे मात्र बहुतेक वेळा ठरलेलं नसतं.