मुंग्यांची पावडर आणि मुंग्यांचं आमिष

ओट्याच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली की आपण ‘मुंग्यांचं औषध’ घेऊन येतो. डबीत पावडर आहे की आमिष, हे फारसं कुणी वाचत नाही. आमिषही कधी कधी दाणेदार भुकटीच्या रूपात मिळतं, म्हणून दोन्ही सारखीच वाटतात. पण एकाला मुंगी लगेच मरायला हवी असते आणि दुसऱ्याला ती जिवंत घरी पोचायला हवी असते.

पावडर अंगाला लागून मारते. बऱ्याच पावडरींत परमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मुंगी त्यावरून गेली की कण तिच्या पायांना चिकटतात आणि औषध मज्जातंतूंवर काम करू लागतं. मुंगी तडफडते, लुळी पडते, मरते. डायटोमेशियस अर्थ ही पावडर मात्र वेगळी. ती म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या कवचांची भुकटी. ती मुंगीच्या अंगावरचा मेणाचा थर बिघडवते आणि मुंगी सुकून मरते.

आमिष पोटातून मारतं, आणि तेही मुद्दाम सावकाश. मुंगीच्या पोटात स्वतःच्या जठराशिवाय आणखी एक पिशवी असते, ती इतरांना वाटायच्या खाऊची. ती भरून मुंगी परतते आणि तोंडातून तोंडात घास देते. असं करत विष अळ्यांपर्यंत आणि राणीपर्यंत जातं. साखरपाण्याचा एक थेंब ठेवून जवळून बघा: मुंग्या गोल कडं करून, डोकी आत घालून स्तब्ध उभ्या राहतात आणि पोटं इतकी ताणली जातात की पट्टे एकमेकांपासून सुटे दिसतात.

आमिषातलं विष बऱ्याचदा बोरिक ॲसिड किंवा टाकणखार असतं. घरी करायचं तर 100 मिलि पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम बोरिक ॲसिड. ‘अजून थोडं घालू, लवकर मरतील’ हा मोह इथे घातक ठरतो. विष जास्त झालं की मुंगी वाटेतच मरते किंवा तोंडच लावत नाही.

रांगेत दिसतात त्या वारुळातल्या थोड्याच मुंग्या. राणी बाहेर येतच नाही. म्हणून रांगेवर पावडर टाकली की दोन दिवस ओटा स्वच्छ दिसतो आणि मग नवी रांग लागते. फॅरो जातीच्या बारीक पिवळसर मुंग्यांच्या वसाहतीत तर अनेक राण्या असतात. पावडरीनं किंवा फवाऱ्यानं त्यांना हुसकावलं की वसाहत फुटते आणि एकाच्या जागी चार ठिकाणी बिऱ्हाडं होतात.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही एकत्र वापरणं. आमिषाभोवती पावडर भुरभुरली की मुंग्या तिथवर पोचतच नाहीत, आणि दोन्ही औषधं वाया जातात. आमिष ठेवलं असताना रांग साबणानं पुसूही नका, कारण वासाची वाट पुसली जाते. सुरुवातीला गर्दी वाढेल. जिवावर येतं, पण ती वाढू द्या. आठवडाभर तरी धीर धरावा लागतो.

मग पावडर कुठे? वारुळाचं तोंड दिसत असेल तिथे, किंवा भिंतीच्या कोरड्या फटीत. थर जेमतेम दिसेल इतकाच पातळ हवा. ढीग केला तर मुंग्या त्याला वळसा घालून जातात. ओल लागली की पावडरीच्या गुठळ्या होतात आणि ती निकामी होते. ओट्यावर, भांड्यांजवळ ती टाकूच नये. टाकताना नाकातोंडावर कापड बांधा.

घरात मांजर असेल तर परमेथ्रिनची पावडर आणूच नका. मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही, आणि अंगावरची पावडर चाटून ते मरू शकतं. पाण्यातल्या माशांनाही हे औषध फार विषारी आहे. बोरिक ॲसिडही निरुपद्रवी नाही. आमिष बारीक भोकं पाडलेल्या झाकणाच्या डबीत, मुलांचा आणि पाळीव जनावरांचा हात-तोंड पोचणार नाही अशा जागी, पण रांगेला लागूनच ठेवा.