पोष ग्रंथी आणि तिची संप्रेरके

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, कवटीच्या हाडातील खोबणीत असलेली वाटाण्याएवढी अंतःस्रावी ग्रंथी. वजन सुमारे अर्धा ग्रॅम. पीयूषिका आणि पिट्युटरी ही तिचीच नावे. तिच्यावर हुकूम चालतो तो तिच्या वरच्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाचा.

ग्रंथीच्या पुढच्या खंडात सहा प्रमुख संप्रेरके (हॉर्मोन्स) तयार होतात: वृद्धी संप्रेरक, थायरॉइडला चालना देणारे टीएसएच, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीकडून कॉर्टिसोल हे संप्रेरक स्रवून घेणारे एसीटीएच, अंडाशय व वृषण यांचे काम चालवणारी एफएसएच आणि एलएच, आणि दूध तयार करवणारे प्रोलॅक्टिन. थायरॉइडचे संप्रेरक रक्तात कमी झाले की टीएसएच वाढते, जास्त झाले की उतरते. म्हणून बेळगाव, निपाणी किंवा चिकोडीच्या लॅबमधून आलेल्या रिपोर्टवर टीएसएच जास्त दिसले की ‘थायरॉइड वाढला’ असे जे सर्रास म्हटले जाते, त्याचा अर्थ बहुधा उलटा असतो: थायरॉइड कमी पडतो आहे आणि पोष ग्रंथीने त्याच्यामागे तगादा लावला आहे.

मागच्या खंडात संप्रेरके तयार होत नाहीत. हायपोथॅलॅमसमध्ये बनलेली दोन तिथे साठतात. पहिले व्हॅसोप्रेसिन. उन्हात उसाच्या फडात राबणाऱ्याची लघवी थोडी आणि गडद होते ती त्याच्यामुळे, कारण त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. दुसरे ऑक्सिटोसिन. सीमाभागात ज्यांच्या दारात म्हैस आहे, त्यांना त्याचे नाव नसले तरी काम ठाऊक असते: रेडकू लावल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही. सड चोखल्याचा संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूत जातो, ऑक्सिटोसिन रक्तात उतरते आणि दुग्धपेशींभोवतीचे स्नायुतंतू आकुंचन पावून दूध पुढे ढकलतात. बाईचेही तसेच.

बाळंतपणात हेच संप्रेरक गर्भाशय आवळते. वार पडल्यावर रक्तस्राव थांबतो तो या आवळण्याने, म्हणून बाळ जन्मल्याबरोबर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. मात्र ते थंड ठेवावे लागते आणि टोचणारा जाणकार हवा. या अडचणीवरचा एक महत्त्वाचा अभ्यास बेळगाव जिल्ह्यातच झाला. २००२ ते २००५ या काळात खेड्यांतल्या नर्सबाईंनी केलेल्या १,६२० बाळंतपणांत जवळपास निम्म्या स्त्रियांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि बाकीच्यांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या गेल्या. औषधाविना अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्के होते, मिसोप्रोस्टॉल घेतलेल्यांत ६.४ टक्के. हे औषध पोष ग्रंथीतले नव्हे, पण गर्भाशय तेही आवळते.

रक्तस्राव रोखण्याला पोष ग्रंथीच्या दृष्टीनेही मोल आहे. गरोदरपणात ही ग्रंथी मोठी होते, पण तिचा रक्तपुरवठा बराचसा कमी दाबाचाच असतो. बाळंतिणीचे रक्त फार गेले तर ग्रंथीच्या पेशी मरतात. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ साली वर्णिलेल्या या विकाराची पहिली खूण म्हणजे दूध न येणे. पुढे पाळी न येणे, थकवा, थंडी न सोसणे, काखेतले केस झडणे. अंगात ताकद यावी म्हणून डिंकाचे लाडू खाऊ घालण्यात वर्षे निघून जातात, आणि निदान लांबते.

घोणसही असेच नुकसान करू शकते. तिच्या विषाने रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडते आणि काही रोग्यांच्या पोष ग्रंथीत रक्तस्राव होतो किंवा तिचा रक्तपुरवठा तुटतो. लक्षणे कधी लगेच, कधी काही वर्षांनी दिसतात. त्यामुळे जुन्या सर्पदंशाची गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी त्यांना सांगावी.

उपचारात क्रम महत्त्वाचा. ग्रंथी निकामी झाली असेल तर आधी कॉर्टिसोलची उणीव भरून काढतात, मग थायरॉइडची गोळी सुरू करतात. उलट केल्यास रोगी अत्यवस्थ होऊ शकतो. अशा रोग्यात गोळीचे प्रमाण टीएसएचवर ठरवता येत नाही, कारण टीएसएच बनवणारी ग्रंथीच आजारी असते. त्यासाठी रक्तातले टी-४, म्हणजे थायरॉइडचे संप्रेरक, पाहतात.