सर्व्हर बदलल्यावर लॉगिनचं पान फिरून फिरून येतंय?

ऑफिसचा सर्व्हर बदलला की त्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी आमचा, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा, फोन सकाळपासून सुरू होतो. नागपूरजवळच्या हिंगण्याचा कारखाना असो की शहरातल्या इतवारीतली पेढी, तक्रार एकच: "पासवर्ड घेऊनच नाही राहिला."

आधी एवढंच बघा. लॉगिन दाबल्यावर 'पासवर्ड चुकीचा' असं लिहून येतं, की काही न सांगता तेच पान परत उघडतं? चुकीचा म्हणत असेल तर तुमच्या ॲडमिनला (ऑफिसची लॉगिन खाती सांभाळणाऱ्याला) गाठा, हे पत्रक तुमच्या कामाचं नाही. मुकाट्यानं पान परत येत असेल तर पासवर्ड बहुधा बरोबरच आहे, घोडं कुकीपाशी अडलंय. तेव्हा पासवर्ड बदलत बसू नका. त्यानं खातं लॉक होऊ शकतं आणि एकाच्या दोन अडचणी होतात.

कुकी म्हणजे गेटपास समजा. पासवर्ड पटला की सर्व्हर ब्राउझरला एक छोटी नोंद देतो आणि पुढच्या प्रत्येक पानावर ब्राउझर ती दाखवतो. जुन्या सर्व्हरनं दिलेली नोंद नवा सर्व्हर ओळखत नाही, आणि ब्राउझर मात्र तीच पुढे करत राहतो.

खात्री करायला क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून खाजगी विंडो उघडा आणि तिथं लॉगिन करून पाहा. या विंडोत जुन्या कुकी नसतात, म्हणून तिथं लॉगिन झालं, तर दोष बहुधा जुन्या कुकीचा. मग नेहमीच्या विंडोत पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून फक्त ऑफिसच्या साइटच्या कुकी काढा. 'सगळं क्लिअर' करू नका, नाहीतर बाकीच्या साइटवरूनही बाहेर पडाल आणि भर महिनाअखेरीस अकाउंट्सवाल्यांच्या शिव्या खाल. नुसता ब्राउझर बंद करून भागेलच असं नाही. क्रोममध्ये 'जिथे सोडलं तिथून सुरू करा' ही सेटिंग चालू असेल, तर एरवी बंद करताना जाणाऱ्या कुकीही तो जपून ठेवतो.

खाजगी विंडोतही तेच होत असेल तर पत्ता नीट वाचा. बुकमार्क बहुतेक जुना असतो: कुठं नावाऐवजी आयपी आकडे (मशीनचा आकड्यांतला पत्ता), कुठं पत्त्याच्या सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'मधला शेवटचा 'एस' गायब. एका पत्त्यावर मिळालेली कुकी ब्राउझर सहसा दुसऱ्या पत्त्याला दाखवत नाही, मग दोन्ही पत्ते एकाच मशीनचे का असेनात. शिवाय 'सिक्युअर' खूण असलेली कुकी साध्या एचटीटीपीवर जातच नाही. बुकमार्क काढून टाका आणि आम्ही दिलेला पत्ता हातानं टाइप करा.

एकाच पीसीवर अडत असेल तर त्याचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की वीज गेल्यावर जुन्या पीसीची तारीख मागं जाते आणि ब्राउझर साइटच असुरक्षित ठरवतो. घड्याळ फार पुढं असेल तर मुदतीची कुकी आल्या आल्या संपलेली धरली जाऊ शकते. विंडोजच्या लॉगिननंच (वेगळा पासवर्ड न मागता) साइट उघडत असेल तर सर्व्हरशी सहसा ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. तारीख रोज हातानं बदलण्यापेक्षा सेल बदलून घ्या.

सगळ्या ऑफिसात एकदम अडलं असेल तर तुम्ही काहीच करू नका, ते काम आमचं. दोन सर्व्हर असतील आणि एकानं दिलेली कुकी दुसरा वाचू शकत नसेल, तर लॉगिन कधी होतं, कधी नाही. तसं दिसलं तर फोनवर आवर्जून सांगा, शोधायला तेच सगळ्यात वेळखाऊ असतं.

फोन करताना तीन गोष्टी हाताशी ठेवा: अडचण किती पीसीवर आहे, खाजगी विंडोत काय झालं, आणि पत्त्याच्या पट्टीचा फोटो. पासवर्ड आम्हाला नको, कधीच नको. आणि कुणी सांगितलं म्हणून कुकीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर टाकू नका. चालू लॉगिनची कुकी ज्याच्या हाती, तो पासवर्डाशिवायही तुमच्या नावानं आत जाऊ शकतो.