ओहायोमधील फोर-एच क्लब : वसंतातील नावनोंदणी, पात्रता, कागदपत्रे आणि स्वयंसेवक होण्याची रीत

ओहायो राज्यात ८८ काउंट्या आहेत आणि प्रत्येक काउंटीत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या कृषी विस्तार विभागाचे कार्यालय आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका आणि जिल्हा यांच्या मधले काहीतरी, आणि हे कार्यालय म्हणजे विद्यापीठाच्या छत्राखाली चालणारे कृषी अधिकाऱ्याचे कार्यालय, असे समजल्यास चित्र बरेचसे स्पष्ट होते. फोर-एच या नावाने ओळखले जाणारे मुलांचे क्लब याच कार्यालयातून चालवले जातात. महाराष्ट्रातून येऊन कोलंबस, सिनसिनाटी किंवा क्लीव्हलँडच्या आसपास राहणाऱ्या आणि आता शहराबाहेर, मक्याच्या शेतांना लागून घर घेतलेल्या अनेक कुटुंबांना हे ठाऊक नसते. मुलाच्या दप्तरातून हिरव्या चारपानी चिन्हाचे पत्रक घरी येते आणि एखाद्या शिकवणीची जाहिरात असावी असे समजून बाजूला पडते. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये काउंटीच्या जत्रेत वर्गातली मुले ससे, कोंबड्या आणि मेंढ्या घेऊन मैदानात उतरलेली दिसली की आपले मूल विचारते, आणि तोपर्यंत त्या वर्षीची मुदत टळलेली असते.

जत्रा उन्हाळ्यात भरत असली तरी तिचे कागद वसंतातच पुरे करावे लागतात, म्हणून ही माहिती मार्च-एप्रिल डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

या कार्यक्रमाची सुरुवात ओहायोतच झाली. जानेवारी १९०२ मध्ये क्लार्क काउंटीतील शाळांचे अधीक्षक ए. बी. ग्रॅहम यांनी स्प्रिंगफील्ड येथे ग्रामीण मुलामुलींचा कृषी क्लब सुरू केला, आणि त्या मुलांनी मक्याचे बियाणे पारखणे, लिटमस कागदाने माती तपासणे अशी कामे केली. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विद्यापीठांच्या कृषी विस्तार सेवेला देशभर सरकारी आधार मिळाला आणि असे क्लब तिच्या कक्षेत आले. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार गोष्टींच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे एच असल्यामुळे फोर-एच हे नाव पडले. त्या चारपानी चिन्हाला संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण आहे. क्लबासाठी टी-शर्ट छापून घेण्याचा उत्साह असेल तर आधी काउंटी कार्यालयाला विचारावे.

कोणाला सदस्य होता येते

ओहायोत वयाचे दोन टप्पे आहेत. वयाची पाच वर्षे पूर्ण झालेले आणि किंडरगार्टनमध्ये दाखल असलेले मूल क्लोव्हरबड म्हणून नाव नोंदवू शकते. क्लोव्हरबड मुलांसाठी स्पर्धा नसतात. ती बैठकींना येतात, हाताने वस्तू करतात, खेळतात आणि मोठ्या मुलांचे काम पाहतात, परंतु स्वतःचा प्रकल्प, म्हणजे जनावर पाळणे, भाजीपाला किंवा शिवणकाम असे एखादे काम, घेऊन जत्रेत क्रमांकासाठी उतरू शकत नाहीत. पूर्ण सदस्यत्वासाठी, म्हणजे प्रकल्प घेण्यासाठी, चालू वर्षाच्या १ जानेवारीला मूल किमान आठ वर्षांचे आणि तिसरीत असावे लागते. वय नऊ किंवा त्याहून अधिक असेल तर इयत्ता पाहिली जात नाही. ज्या वर्षी मुलाला एकोणीस पूर्ण होतात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सदस्यत्व संपते. तिसरीत असलेल्या मुलाला मार्चमध्ये आठवे वर्ष पूर्ण होणार असेल तर वर्गातले आधी जन्मलेले सोबती प्रकल्प घेतात आणि आपले मूल क्लोव्हरबडच राहते. यावर घरात रुसवेफुगवे होतात, पण १ जानेवारीची अट कार्यालयाला बदलता येत नाही.

शेत असणे, गावात राहणे किंवा घरी जनावरे असणे यांपैकी कशाचीही अट नाही. नावनोंदणीत राहण्याच्या ठिकाणाबद्दल प्रश्न असतो, आणि त्यात शेतावर राहणारे, दहा हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किंवा ग्रामीण भागात राहणारे, दहा ते पन्नास हजार वस्तीच्या शहरातले, त्याहून मोठ्या शहराच्या उपनगरातले आणि मध्य शहरातले असे पर्याय येतात; ते केवळ आकडेवारीसाठी आहेत. वंश आणि वांशिक ओळख यांविषयीचे प्रश्नही संघराज्याच्या कृषी खात्याला द्यावयाच्या अहवालासाठी असतात आणि त्यांच्या उत्तरांवर प्रवेश अवलंबून नसतो. मुलाच्या नागरिकत्वाचा किंवा व्हिसाचा पुरावा मागितला जात नाही.

ऑनलाइन अर्ज आणि त्यासोबतचे कागद

नावनोंदणी फोर-एच ऑनलाइन या संकेतस्थळावर होते. आधी एका ई-मेलवर संपूर्ण कुटुंबाचे एक खाते उघडायचे असते आणि नंतर त्याच खात्यात प्रत्येक मुलाची वेगळी नोंद करायची असते. आईने एक आणि वडिलांनी दुसरे अशी दोन खाती उघडल्यास दोन्हींमध्ये अर्धवट अर्ज राहतात आणि कार्यालयाला ते निस्तरत बसावे लागते. खाते उघडताना काउंटी निवडावी लागते, आणि ती घराचा पत्ता पाहून निवडावी, कारण अनेक गावांचे पिनकोड दोन काउंट्यांत विभागलेले असतात. त्यानंतर क्लब, प्रकल्प, आरोग्यविषयक माहिती, वर्तनाचे नियम, छायाचित्रे वापरण्यास संमती किंवा नकार आणि शेवटी शुल्क असा क्रम येतो. शुल्क काउंटीगणिक आणि क्लबगणिक बदलते. ते जड जात असल्यास मदतीची सोय आहे का, हे कार्यालयाला संकोच न करता विचारावे.

हाताशी ठेवायची माहिती फारशी नाही : मुलाची जन्मतारीख आणि शाळेची इयत्ता, लसीकरणाची नोंद, अ‍ॅलर्जी आणि नियमित औषधे, आरोग्य विम्याचे तपशील, आणि आई-वडिलांखेरीज आणखी एका विश्वासू माणसाचा दूरध्वनी क्रमांक. हा शेवटचा रकाना आपल्या लोकांना अडवतो, कारण आजी-आजोबा पुण्याला किंवा साताऱ्याला असतात. इथे शेजाऱ्याचा किंवा मराठी शाळेतल्या एखाद्या पालकाचा क्रमांक त्यांना विचारून द्यावा. दुसरी अडचण तारखेची. आमच्याच घरी मुलीची ७ नोव्हेंबर ही जन्मतारीख एका फॉर्मवर सवयीने आधी दिवस आणि मग महिना अशी लिहिली गेली, तिची ११ जुलै झाली, उन्हाळी शिबिराच्या फॉर्मवरच्या तारखेशी ती जुळेना, आणि दोन्ही कागद दुरुस्तीसाठी परत आले. चूक आमची होती, पण तेवढ्यात शिबिराच्या हव्या त्या आठवड्यातल्या जागा भरल्या.

अर्ज पाठवला म्हणजे नावनोंदणी झाली, असे नाही. काउंटी कार्यालयातील माणूस तो तपासतो आणि मंजूर करतो, किंवा काय राहिले आहे ते लिहून परत पाठवतो. परत आल्याची सूचना ई-मेलने येते आणि ती पुष्कळदा नको असलेल्या मेलच्या कप्प्यात जाऊन बसते. म्हणून अर्ज पाठवल्यावर आठवडाभराने खात्यात शिरून मंजुरी दिसते का, ते पाहावे.

मुदती, आणि त्यांतली गुंतागुंत

ओहायोतील अनेक काउंट्यांत नावनोंदणीची अखेरची तारीख १ एप्रिल असते, म्हणजे साधारण गुढीपाडव्याच्या आगेमागे. तरीही आपल्या काउंटीची तारीख कार्यालयाच्या वेळापत्रकात पाहून घ्यावी. सर्वांत जास्त मुले अडकतात ती या गैरसमजाने, की मुदत एकच आहे. सदस्य म्हणून नाव नोंदवण्याची तारीख वेगळी, प्रकल्प बदलण्याची किंवा नवा घेण्याची कधी कधी वेगळी, आणि जनावर मुलाच्या ताब्यात व नावावर येऊन त्याच्या कानात टॅग बसण्याची तारीख त्याहून वेगळी असते. या जनावरांच्या तारखा जत्रेच्या दिवसापासून उलट मोजलेल्या असतात. गोऱ्ह्यांची वजन-नोंद बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातच उरकते, तेव्हा मार्चमध्ये त्याचा विचार करणाऱ्याला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. डुकरे आणि कोकरे यांच्या नोंदी वसंतात होतात.

खाद्यासाठी किंवा दुधासाठी पाळलेले जनावर जत्रेत आणणाऱ्या प्रत्येक मुलाला दर वर्षी गुणवत्ता-हमीचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. औषध टोचल्यावर किती दिवस त्या जनावराचे मांस किंवा दूध वापरू नये, सुई कोठे द्यावी, नोंदवही कशी ठेवावी, हे त्यात शिकवतात. पुढे जत्रेत औषध-वापराची सूचना देणारा फॉर्म मुलाच्या आणि पालकाच्या सहीने द्यावा लागतो. हा फॉर्म औपचारिकता समजून भरू नये, कारण तो खाद्यसुरक्षेच्या राज्य-नियमांचा भाग आहे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. बाजारासाठीचे जनावर म्हणून नोंदवलेले कोकरू किंवा डुक्कर जत्रेच्या शेवटी लिलावात विकले जाते आणि बहुतेक वेळा तेथूनच कत्तलखान्याकडे जाते. पैसे मुलाला मिळतात आणि खरेदीदाराला हाताने आभारपत्र लिहिण्याची शिस्त पाळली जाते. शेतकरी कुटुंबांत हे मुलांना लहानपणापासून माहीत असते, परंतु त्या कोकराला नाव ठेवून पाच महिने रोज खाऊ घालणाऱ्या आणि घरी शाकाहारी जेवणाऱ्या मुलाला तो दिवस फार जड जातो. प्रकल्प निवडण्यापूर्वीच हे बोलून घ्यावे. अंडी देणाऱ्या कोंबड्या, प्रजननासाठीचे किंवा पाळीव ससे, कुत्र्याचे प्रशिक्षण, भाजीपाला, शिवणकाम, स्वयंपाक, छायाचित्रण, रॉकेट असे असंख्य प्रकल्प आहेत आणि त्यांपैकी कोणताही कमी प्रतीचा मानला जात नाही.

वसंतात क्लबात काय चालते

फोर-एचचा क्लब म्हणजे किमान पाच मुलांचा, नियमित भेटणारा गट. अध्यक्ष, सचिव, खजिनदार मुलांतूनच निवडले जातात, आणि ठराव मांडणे, अनुमोदन देणे, इतिवृत्त लिहिणे हे दहा वर्षांची मुले इतक्या गांभीर्याने करतात की आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेने पाहून घ्यावे. वसंतात रस्त्याकडेचा कचरा उचलणे, अन्नपेढीसाठी डबाबंद जिन्नस गोळा करणे, वृद्धाश्रमाच्या अंगणात फुलझाडे लावणे अशी सेवाकार्ये ठरतात. भाजीपाल्याचा प्रकल्प घेतलेल्या मुलाने मेथी आणि कोथिंबीर एप्रिलमध्ये पेरायला हरकत नाही, भेंडी आणि टोमॅटो मात्र मेच्या मध्यापर्यंत, दहिवराची भीती सरेपर्यंत, बाहेर लावू नयेत. पेरणीची तारीख, खर्च आणि मिळालेले पीक प्रकल्पवहीत त्याच दिवशी लिहावे, कारण परीक्षक वही उघडून मुलाला प्रश्न विचारतात.

शाळांमध्ये याच सुमारास अंडी उबवण्याचा उपक्रम होतो. पंखा असलेल्या यंत्रात सुमारे साडेसदतीस अंश सेल्सियस तापमान एकवीस दिवस राखायचे, अंडी दिवसातून काही वेळा फिरवायची आणि शेवटचे तीन दिवस अजिबात हलवायची नाहीत. कवचाला पहिला तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर यायला कधी कधी बारा तासांहून अधिक लागतात. आपण कवच सोलून मदत करू नये, हे मोठ्यांनाच वारंवार सांगावे लागते.

स्वयंसेवक व्हायचे असल्यास

स्वयंसेवकाचे वय किमान अठरा असावे. आधी अर्ज, मग संदर्भ देणाऱ्या व्यक्तींची नावे, काउंटीतील फोर-एच अधिकाऱ्याची मुलाखत, बोटांच्या ठशांवरून पार्श्वभूमी-तपासणी, प्राथमिक प्रशिक्षण, आणि वर्तनाच्या नियमांवर व कामाच्या स्वरूपावर सही, असे टप्पे असतात. ठसे वेबचेक या राज्याच्या संगणकीय यंत्रणेने घेतले जातात. सोबत ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचे ओळखपत्र न्यावे. मागील पाच वर्षे सलग ओहायोत राहिले नसल्यास राज्याच्या तपासणीबरोबर एफबीआयचीही तपासणी मागतात, तेव्हा नव्याने आलेल्यांनी हे काम जानेवारीतच सुरू करावे. संदर्भासाठी नातेवाईक चालत नाहीत. मुलांच्या सुरक्षिततेचे आणि बालशोषणाची तक्रार कशी करावी याचे प्रशिक्षण दर वर्षी पुन्हा करावे लागते, आणि मुलांबरोबर एकटे राहायचे नाही, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. काम विनावेतन आहे. अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्यांनी मानधन स्वीकारू नये आणि शंका असल्यास आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

सगळ्यांनाच क्लबाचे सल्लागार होण्याची गरज नाही. शिवण येणारी आई एका प्रकल्पापुरती मार्गदर्शक होऊ शकते, हिशेब चांगला असलेले बाबा बालखजिनदाराला वही कशी मांडायची ते दाखवू शकतात. काम लहान असले तरी तपासणी चुकत नाही. ती पूर्ण होईपर्यंत पालक म्हणून बैठकीला येऊन बसता येते.

एप्रिलची तारीख हुकलीच, तर काउंटी कार्यालयाला तीन गोष्टी विचाराव्यात : थोड्या आठवड्यांचे एखाद्या विषयाचे क्लब सुरू होणार आहेत का, उन्हाळी शिबिरात सदस्य नसलेल्या मुलांना जागा मिळते का, आणि पुढील वर्षाची नोंदणी कोणत्या तारखेला उघडते.