पेशींच्या आधी तुटणारे दुवे : पार्किन्सन्स संशोधनाची पार्श्वभूमी

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या निरीक्षणांवरून हातापायांना कंप आणणाऱ्या आणि हालचाली मंदावणाऱ्या या विकाराचे वर्णन केले (त्यांपैकी काही जण तर त्यांनी केवळ रस्त्यावर पाहिले होते), तेव्हा दोष मज्जारज्जूच्या मानेतील भागात असावा, असा त्यांचा अंदाज होता. मेंदूतील जागा ठामपणे दाखवून द्यायला त्यानंतर शंभर वर्षे लागली. मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा हा काळसर पट्टा रुग्णांत फिका पडतो, त्यातील रंगद्रव्य असलेल्या पेशी नष्ट होतात आणि उरलेल्या काही पेशींत फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेले गोलसर पिंड (लेवी पिंड) आढळतात, असे कॉन्स्टंटिन ट्रेटियाकॉफ यांनी १९१९ च्या आपल्या पॅरिसमधील प्रबंधात मांडले. शवविच्छेदनात नुसत्या डोळ्यांनाही दिसणारा हा फरक इतका ठसठशीत होता, की या पेशी का मरतात हाच पुढे अनेक दशके संशोधनाचा मुख्य प्रश्न राहिला.

वास्तविक रसायनशास्त्राने बोट दुसरीकडे दाखवले होते. अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये मेंदूतील डोपामीन हे संदेशवाहक रसायन घटवणारे रेसरपिन हे औषध देऊन निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा (ज्यापासून मेंदू डोपामीन बनवतो) टोचले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांना मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामीनचा मोठा तुटवडा आढळला. हा तुटवडा होता स्ट्रायटममध्ये, म्हणजे नायग्रातील पेशींचे तंतू जिथे जाऊन संपतात तिथे. तरीही त्याचा अर्थ पेशी मेल्याचा परिणाम एवढाच लावला गेला. ते स्वाभाविक असले तरी आकड्यांशी फारसे जुळत नव्हते, कारण लक्षणे दिसू लागतात त्या सुमारास स्ट्रायटममधील डोपामीनची घट पेशींच्या घटीपेक्षा बरीच मोठी असते.

या पेशींची रचना पाहिली की ही तफावत समजते. उंदरातील अशा एकेका पेशीचा अक्षतंतू (संदेश पुढे नेणारा लांब तंतू) सर्व फाट्यांसह मोजला असता त्याची लांबी सरासरी अर्ध्या मीटरच्या आसपास भरली. माणसात एकाच पेशीच्या चेतासंधींची (दुसऱ्या पेशींना संदेश देण्याच्या जोडांची) संख्या दहा लाखांहून अधिक असावी, असा अंदाज आहे. एवढ्या पसाऱ्याला सतत ऊर्जा लागते, प्रथिने व ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया टोकापर्यंत वाहून न्यावे लागतात, आणि पुरवठा कमी पडला की झळ आधी दूरच्या टोकांना बसते.

१९९७ मध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या. इटालियन व ग्रीक वंशाच्या काही कुटुंबांतील आनुवंशिक पार्किन्सन्समागे अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाच्या जनुकातील बदल सापडला, आणि लेवी पिंडांत मुख्यतः हेच प्रथिन साचलेले असते, हेही त्याच वर्षी उघड झाले. निरोगी पेशीत या प्रथिनाचा मुक्काम प्रामुख्याने चेतासंधीच्या पाठवणाऱ्या टोकापाशी असतो. रासायनिक संदेश भरलेल्या सूक्ष्म पुटिकांच्या कामकाजात ते सहभागी असते. त्याच्या गुठळ्या होऊ लागल्या की पुटिका मोकळ्या होण्यात आणि तंतूमधील वाहतुकीत अडथळा येतो, असे प्रयोगांत दिसते. पलीकडच्या बाजूलाही नुकसान होतेच : डोपामीन मिळेनासे झाल्यावर स्ट्रायटममधील पेशींच्या शाखांवरचे संदेश झेलणारे बारीक काटे विरळ होत जातात.

२०१३ मध्ये वेगवेगळ्या टप्प्यांवर मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानानंतर सुमारे चार वर्षांतच स्ट्रायटममधील पुटामेनच्या वरच्या भागातले डोपामीन-तंतू जवळजवळ नाहीसे झालेले होते, तर नायग्रातील काही पेशी दोन दशकांनंतरही शिल्लक होत्या. तंतू असे आधीच नाहीसे होण्याचा फटका उपचारांच्या प्रयत्नांनाही बसला आहे. पेशींना जगवणारे न्यूर्टुरिन हे प्रथिन जनुकोपचाराने पुटामेनमध्ये तयार करवले, तर ते तंतूंवरून मागे नायग्रापर्यंत जाईल, अशी अपेक्षा होती. उपचार घेतलेल्या रुग्णांच्या मृत्यूनंतर केलेल्या तपासणीत ते पुटामेनमध्ये सापडले, परंतु नायग्रापर्यंत फारसे पोहोचलेले नव्हते.